नामदेवांच्या बाहीचं माप

आषाढ वद्य त्रयोदशीला आमच्या घरातली तिन्ही मशिनं बंद. शाळेचे ड्रेस निम्मे टांगलेले असू देत, गिऱ्हाईक दारात येऊन भांडू दे, बाबा पायडलला पाय लावू देत नाहीत. नामदेव महाराजांची पुण्यतिथी. शिंप्याच्या घरात त्या दिवशी सुई कोण धरणार?

यंदा मी धरली. तीही देवळात.

गल्लीतल्या नामदेवांचा त्या दिवशीचा अंगरखा बाबाच शिवायचे. यंदा त्यांचे डोळे साथ देईनात. मी पंधरा वर्षं ब्लाऊज शिवतेय. म्हटलं, दगडाची मूर्ती, ती काय जाड-बारीक होतीय? बाबांच्या वहीत माप होतंच. छाती, उंची, गळा. बाहीपुढं नुसती फुली. मला वाटलं, लिहायचं राहिलं असेल. विचारायला कमीपणा वाटला.

मूर्तीच्या एका हातात वीणा, दुसऱ्या हातात चिपळ्या. वीणेचा हात अंगाला चिकटलेला, त्यात बाही घालणार कुठून? बाबा ती जोडायचेच नाहीत. खालून उघडी ठेवायची आणि आतून बंद बांधायचे. मी दोन्ही बाह्या पक्क्या शिवून, वर जरीची पट्टी लावून नेल्या होत्या! पुजारीकाका दहा मिनिटं झटले आणि मग नुसते माझ्याकडं बघत राहिले. खांबाआड बसून बाही उसवली, मूर्तीवर चढवल्यावर कडेनं धावदोरा घातला. पर्समध्ये पांढरा दोराच होता. अंगरखा केशरी.

आत्याला ते लांबूनच दिसलं.

"गोरोबाकाकांनी थापटण्यानं डोकी तपासली, तवा ह्यांनाच कच्चं मडकं म्हटलं होतं. आता तू अंगरखाबी कच्चाच घातलास व्हय?" पदर तोंडाला लावून हसत बसली.

मडकं पुढं विसोबा खेचरांकडं भाजून पक्कं झालं, ते बुवांनी कीर्तनात सांगितलं. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हे ते दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या माना डोलावतो. मग १३५० सालची समाधी, पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी, येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून मागून घेतलेली. महाद्वार म्हटलं की कोल्हापूरकराला अंबाबाईचंच दिसतं. लहानपणी मी तिथली पहिली पायरी उडी मारून ओलांडायची, नामदेवांवर पाय नको म्हणून. आई म्हणायची, पडशील एक दिवस.

बाहेर पाऊस ओतत होता, मंडपात माणसं पंचगंगेचं पाणी किती चढलं ते कुजबुजत होती. बाराला बुवांचा आवाज चढला तशा सगळ्या गप्पा थांबल्या. फुलं पडली, गुलाल उडाला. मी मात्र त्या पांढऱ्या दोऱ्याकडंच बघत होते. गुलाल नेमका चिपळ्यांच्या बाजूला पडला.

काल्याच्या लाह्या-दही खाऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वही काढून फुलीपुढं लिहिलं: डावी बाही जोडायची नाही, तीन बंद.

"चार लाव," बाबा खाटेवरनं म्हणाले. "तिसरा वीणेखाली सुटतो."