पुन्हा मैनेच्या पाठीवर

सकाळी खरारा करताना मैनेच्या मानेवरून, छातीवरून, मांडीवरून माझा हात नेहमीसारखा फिरायचा. खोगीर बसतं त्या जागेवर आला, की पोटात गोळा यायचा. घोडी माझी, पैसे मोजून मीच आणलेली, आणि तिच्यावर बसायचं नाव काढलं की तळहात घामाने ओले. एप्रिल 2024 मध्ये पडले, तेव्हापासून कितीतरी महिने माझी ही अवस्था होती.

मैना कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची, मारवाडी जातीची. कान उभे केले की दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात. 2023 च्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून तिला बारामतीला आणलं. मी कॉलेजात असताना पुण्यात चार वर्षं घोडेस्वारी शिकले होते, त्यामुळे आपल्याला येतं याची खात्री होती. पण तिथे कोणता घोडा, किती वेळ, कोणती चाल, हे सगळं शिकवणारे सर ठरवायचे. स्वतःची घोडी म्हटलं की सगळे निर्णय आपले. हा फरक मला पडल्यानंतर कळला.

झालं असं. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने आम्ही दुडकी चालीत होतो. शेजारच्या कलिंगडाच्या वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर वाऱ्याने सुटला आणि फाडकन वर उडाला. मैना एका झटक्यात आडवी सरकली. मी होते तिथेच राहिले, म्हणजे हवेत, आणि मग उजव्या खांद्यावर जमिनीवर. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात.

भेटायला येणारे दोन गोष्टी सांगायचे. एक, पडल्यावर लगेच परत बसायचं असतं. हात गळ्यात असताना कशी बसणार होते? दुसरी, घोडीच्या अंगावर केसांचा खोटा भोवरा आहे, विकून टाका. बाजारात देवमण, कंठ असले शुभ भोवरे बघून भाव वाढतो, तसा अशुभ भोवऱ्यावरून पडतोही. दोन रात्री मी टॉर्च घेऊन तिच्या अंगावर तो भोवरा शोधला, हे आज लिहिताना वाईट वाटतं. भीती माणसाला कुठे नेते बघा. मैनेने काहीच वावगं केलं नव्हतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ 350 अंशांचं दिसतं. कडेला काही फडफडलं की आधी पळायचं आणि मग बघायचं, यावरच त्याची जात टिकली आहे.

जुलैत डॉक्टरांनी परवानगी दिली. मी रिकिबीत पाय घातला आणि छाती इतकी धडधडायला लागली की पाय काढून घेतला. मग रोज कारणं सापडायला लागली. आज पाऊस आहे, आज नालबंद येणार आहे, आज ऊन फार आहे. शेवटी आमच्या वाडीतले तात्या म्हणाले, "ताई, तुम्ही घोडीला भीत नाही. पुढच्या क्षणाला ती काय करंल ते ठावं नाही, त्याला भिताय." तात्यांनी उमेदीची वर्षं रेसच्या तबेल्यात मोतद्दार म्हणून, घोड्यांची निगा राखण्यात काढली आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी मला घोडीवर बसूच दिलं नाही.

आधी त्यांनी चंदी बघितली. मी अंथरुणावर होते तेव्हा मैना दिवसभर बांधलेली, आणि हरभरा-बार्ली मात्र कामाच्या दिवसांइतकीच चालू. "काम नाही आणि दाणा पोटभर, मग ती नाचणार न्हाई तर काय," तात्या म्हणाले. दाणा कमी करून सुकं गवत वाढवलं, दिवसाचे चार तास तिला कुंपणात मोकळं सोडलं. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, तर खांद्यामागे खोगीर रुतून दुखरी जागा झालेली निघाली. तिथे बोट दाबलं की तिची कातडी थरथरायची. मला इतके महिने ते कळलं नव्हतं. नवीन खोगीर येईपर्यंत पाच आठवडे गेले. स्वतःसाठी हेल्मेटही नवं घेतलं. जुनं वरून धड दिसत होतं, पण एकदा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं.

त्या पाच आठवड्यांत सगळं काम जमिनीवरून. लांब दोरीवर गोल फिरवायचं, त्याला तात्या कावा म्हणतात. मधे उभं राहून तिचे कान बघायचे. आतला कान माझ्याकडे वळला म्हणजे लक्ष माझ्याकडे. मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हललं, म्हणजे सैल पडली. मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, शेपूट वर, म्हणजे काहीतरी दिसलंय. बिचकायच्या आधी ती दोन-तीन सेकंद सांगत असते, हे मी पहिल्यांदा शिकले.

याच दिवसांत एक प्रयोग वाचनात आला. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये स्वारांना सांगितलं, की या फेरीत घोड्याजवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी स्वारांचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. मी तो कागद खाली ठेवला आणि तबेल्यात गेले. मैनेच्या जबड्याखालच्या कडेला दोन बोटं ठेवली. तिथे एक शीर दोरीसारखी लागते. पंधरा सेकंदांत नऊ ठोके. मिनिटाला छत्तीस. उभ्या घोड्याचे साधारण 28 ते 44 असतात, म्हणजे ती अगदी निवांत होती. माझे त्या वेळी एकशेदहा. मी तशीच उभी राहून तिच्या श्वासाबरोबर श्वास सोडत राहिले, माझे नव्वदच्या खाली येईपर्यंत. पुढे रोज बसायच्या आधी हेच करायचे. माझ्यासाठी सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर याचा.

ऑगस्टअखेर बसले. तात्यांच्या हातात दोरी, मैना उभी, मी वर. दोन मिनिटं, आणि खाली. दुसऱ्या दिवशी पाच पावलं. तात्यांचा नियम एकच: भीती वाटायच्या आधी उतरायचं. मला वाटायचं उतरणं म्हणजे हरणं. पण पाहिजे तेव्हा उतरता येतं हे अंगात मुरलं, तसं वर बसून राहायची धडपड संपली आणि मांड, म्हणजे खोगिरातली बैठक, आपोआप सैल, खोल बसायला लागली. अंग आवळलं की गुडघे आवळतात, माणूस पुढे झुकतो, आणि घोड्याला तोच पळायचा इशारा वाटतो. एका बाजूचा लगाम हळूहळू घेत तिची मान माझ्या गुडघ्याकडे वळवून थांबवायचं, हे आधी उभ्याने, मग चालताना शंभरदा केलं असेल. थांबवता येतं म्हटल्यावर चालवायची भीती निम्मी झाली. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टाही बसल्यावर थोडं चालवून पुन्हा तपासायचा, कारण घोडी आवळताना पोट फुगवते.

गणपतीत मागे घसरले. आगमनाच्या दिवशी वाडीच्या तोंडाशी ढोल-ताशा एकदम सुरू झाला. मैनेची मान वर, अंग दगडासारखं. मी उतरले, आणि तिला हाताने चालवत घरी आणताना रस्ताभर रडले. सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं वाटलं. तात्यांनी एवढंच विचारलं, "तिनं पाडलं का तुम्हाला?" नाही. "पळाली?" नाही. "मग ती तुमच्यासाठी थांबली की." मी दोन दिवस त्यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी परत दोन मिनिटांपासून सुरुवात केली, आणि या वेळी आठवड्यात पूर्वीच्या जागी आले.

मल्चिंग पेपर उरला होता. त्याचा एक तुकडा कुंपणाला लांबवर बांधला. रोज चंदीची पाटी त्याच्या दोन पावलं जवळ. अकराव्या दिवशी मैनेने त्याला नाक लावलं, जोरात फुरफुरली आणि खायला लागली. मग तोच तुकडा जमिनीवर पसरून त्यावरून हाताने चालवली, मग वर बसून. त्याचा चर्रचर्र आवाज पहिल्यांदा खोगिरात बसून ऐकला तेव्हा माझा उजवा खांदा दुखला, खरंच दुखला, हाड कधीच जुळलेलं असूनही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कालव्याच्या कडेने गेलो. तात्या मागून सायकलवर. मी पडले ती जागा ओळखू आली, कारण तिथे एक वाकडी बाभूळ आहे. मैनेचे कान बाभळीकडे गेले. मी श्वास सोडला, टाचा खाली केल्या, एक कान माझ्याकडे वळला. आम्ही साध्या चालीतच पुढे गेलो. दुडकी केली नाही. त्या दिवशी चाल पुरेशी होती.

दौड मी अजून फक्त कुंपणातच करते. बाहेर करेन की नाही, माहीत नाही. मला तिची घाई राहिलेली नाही.

यंदाच्या दत्तजयंतीच्या आधी एक ओळखीचे व्यापारी दारात आले. बाजारात चांगली किंमत येईल म्हणाले, भोवऱ्याचं मी बघून घेतो म्हणाले. मी मैनेचा तंग तपासत होते. त्यांना ओसरीवर बसवून घरात चहा सांगितला, हेल्मेट चढवलं आणि म्हटलं, "आम्ही बाभळीपर्यंत जाऊन येतो, तुम्ही निवांत चहा घ्या."