आईचे फोटो आणि नवी डिस्क

आज सकाळी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आले. घरच्या कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क आठवडाभर टकटक आवाज करत होती आणि आईचे सगळे फोटो तिच्यातच आहेत. आईला जाऊन दोन वर्षं झाली. रात्री झोप लागत नव्हती.

मी ठरवलं होतं, एक मोठी एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) घ्यायची, सगळं तिच्यात टाकायचं आणि ती कपाटात ठेवून द्यायची. दुकानातल्या काकांनी आधी विचारलं, "ताई, वेग हवाय की साठवण?" मग शांतपणे समजावलं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरते, म्हणून ती हळू आणि धक्क्याला नाजूक. एसएसडीत फिरणारं काहीच नाही; साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची, सेकंदाला साधारण 550 एमबीपर्यंत वाचते. एनव्हीएमई, म्हणजे थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणारी एसएसडी, त्याहून कितीतरी वेगवान, पण आमच्या जुन्या मदरबोर्डवर तिची खाचच नाही, विषय मिटला. मला अजिबात माहीत नव्हतं ते पुढचं: एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात पडून राहिली, तर डेटा साठवणाऱ्या तिच्या सूक्ष्म कप्प्यांतला विद्युतभार हळूहळू गळतो आणि डेटा जाऊ शकतो. मी नेमकं तेच करणार होते!

शेवटी विंडोजसाठी 500 जीबीची साटा एसएसडी घेतली, फोटोंसाठी 2 टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. एक घरी, एक दादाकडे कोथरूडला. "टकटक ऐकू आली की आधी कॉपी, बाकी सगळं नंतर," काकांनी दोनदा बजावलं.

कॉपी चालू आहे. आत्ता पर्वतीच्या पायऱ्यांवरचा 2009 चा फोटो आला. आई निळ्या साडीत आहे.