संध्याबाईंचा पदन्यास : ‘अमर भूपाळी’पासून ‘पिंजरा’पर्यंत

अभिनेत्री संध्या शांताराम यांचे 2025 मध्ये निधन झाले, तेव्हा अनेकांनी त्यांच्या आठवणी लिहिल्या. मात्र त्या बहुतेक आठवणींत त्यांच्या भडक वेशभूषेचा आणि विस्फारलेल्या डोळ्यांचाच उल्लेख अधिक होता. त्यांच्या नृत्यामागे किती कष्ट होते, याविषयी फारच थोडे लिहिले गेले. कोल्हापूरच्या प्रेक्षकाने तरी ही उणीव भरून काढावी, असे मला मनापासून वाटते, कारण ज्या परंपरेत त्या घडल्या तिची मुळे याच शहरात आहेत. त्यांचे पती आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत येथेच उमेदवारी केली आणि 1929 मध्ये सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेची स्थापनाही येथेच केली.

विजया देशमुख या तरुणीला शांतारामबापूंनी ‘संध्या’ हे नाव देऊन 1951 च्या ‘अमर भूपाळी’त पडद्यावर आणले. शाहीर होनाजी बाळाच्या जीवनावरील या चित्रपटात त्या उठून दिसल्या, तरी नर्तिका म्हणून त्या अजून घडलेल्या नव्हत्या. पुढे ‘झनक झनक पायल बाजे’ हा संपूर्णपणे नृत्यावर आधारलेला रंगीत चित्रपट ठरला आणि नायकाच्या भूमिकेत गोपीकृष्ण यांच्यासारखा बनारस घराण्याच्या परंपरेत वाढलेला कथक नर्तक आला. अशा कलावंताच्या शेजारी उभे राहायचे म्हणजे नुसत्या देखणेपणावर भागणारे नव्हते. संध्याबाईंनी गोपीकृष्ण यांच्याकडेच कसून शिक्षण घेतले. लहानपणी अंगवळणी पडणारा तत्कार, म्हणजे कथकातील मूळ पदाघात, मोठेपणी पायात उतरवणे किती कठीण असते, हे ज्यांनी एकदा तरी घुंगरू बांधले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. 1955 मध्ये प्रदर्शित झालेला तो चित्रपट पुन्हा पाहताना मी त्यांचे पाय पाहतो. गोपीकृष्ण यांची सहजता त्यांच्याकडे नाही, हे उघड आहे. परंतु प्रत्येक सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, त्या निर्धाराने गाठतात, आणि कथेतील शिष्या नीला हिच्या वाट्याला तोच निर्धार आलेला असल्यामुळे ती उणीवसुद्धा भूमिकेच्या कामी येते.

‘दो आँखें बारह हाथ’ (1957) मध्ये त्या खेळणी विकणाऱ्या चंपाच्या भूमिकेत आहेत. तेथे रीतसर नृत्य जवळजवळ नाही, पण चालण्या-वळण्यात लय आहे. ‘नवरंग’ (1959) मधील होळीचे नृत्य मात्र मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी काम वाटते. एकाच देहात स्त्री आणि पुरुष अशी दोन्ही पात्रे उभी करायची, पाठमोरे होताच मुखवट्याने दुसरे पात्र व्हायचे, आणि सी. रामचंद्र यांच्या चालीतील प्रश्नोत्तरे एकटीने खेळायची, ही मुळात गौळणीची रीत आहे. तमाशाच्या फडात कृष्ण आणि पेंद्या गवळणींची वाट अडवतात, तेव्हाचा ठसका आणि खोडी ज्यांनी पाहिली आहे, त्या कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रेक्षकाला हे नृत्य परके वाटत नाही. त्यांचा अभिनय अतिरंजित होता, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पूर्णपणे मान्य नाही. फडातील नर्तिकेला शेवटच्या ओळीतील माणसापर्यंत भाव पोहोचवावा लागतो आणि संध्याबाईंचा मुखाभिनय त्याच मापाचा आहे. जवळून घेतलेल्या दृश्यांत तो कधी कधी जड होतो, हे मात्र मी कबूल करतो.

1963 च्या ‘सेहरा’विषयी येथे अधिक लिहीत नाही, तो गाण्यांमुळेच अधिक स्मरणात राहिला आहे.

या साऱ्या प्रवासाचे खरे फळ 1972 च्या ‘पिंजरा’त दिसते. संवाद शंकर पाटील यांचे, गीते जगदीश खेबुडकर यांची, म्हणजे बोली आणि शब्द आमच्याच मातीतले. संगीत राम कदम यांचे आणि आवाज उषा मंगेशकर यांचा. गावातून तमाशा हाकलून देणाऱ्या आदर्शवादी गुरुजींना, म्हणजेच डॉ. श्रीराम लागू यांना, तमाशातील नर्तिका चंद्रकला (संध्याबाई) नमवण्याचा विडा उचलते. येथे लावणी ही विश्रांतीची जागा राहत नाही. आरंभीच्या लावण्यांत चंद्रकला फडाची मालकीण आहे, तिच्या मानेच्या प्रत्येक झटक्यात आव्हान आहे. पुढे सूड प्रेमात बदलतो, तेव्हा तीच पावले आणि त्याच ढोलकीच्या तोड्यावरची तीच गिरकी असूनही नजर खाली येते, हात आखडतात. कथकाच्या शिक्षणाने दिलेला पायांवरील ताबा आणि लावणीने दिलेला मोकळेपणा या भूमिकेत प्रथमच पूर्णपणे एकत्र आले, असे माझे मत आहे. त्या वेळी पदार्पणाची पहिली वर्षे मागे पडून दोन दशके उलटली होती, आणि त्या वयात अंगात इतका जोम टिकवणे हे रोजच्या रियाजाशिवाय शक्य नाही.

1975 च्या ‘चंदनाची चोळी अंग अंग जाळी’नंतर त्या पडद्यापासून दूर गेल्या. त्याच चित्रपटात त्यांची भाची रंजना हिनेही काम केले होते आणि पुढे तिने मराठी चित्रपटात स्वतःची जागा निर्माण केली. संध्याबाई मात्र जवळजवळ संपूर्ण कारकीर्द शांतारामबापूंच्याच चित्रपटांत राहिल्या. त्यामुळे त्यांना मोठी नृत्ये, भरपूर तालमी आणि नृत्याची जाण असलेला दिग्दर्शक मिळाला, हे खरेच. परंतु अनंत माने यांच्यासारख्या, तमाशापटात मुरलेल्या दिग्दर्शकाने त्यांच्याकडून एखादी लावणी करून घेतली असती, तर ती पाहायला मला फार आवडले असते.