पटावर चोवीस, पोर्टलवर एकोणीस

वर्धा नदीच्या काठावर असलेल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीपर्यंतची शाळा आहे. माझी मुलगी तिथे तिसरीत होती, आणि पालक या नात्याने २०२४ साली शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. त्या वर्षी १ जुलै रोजी शाळा उघडली तेव्हा हजेरीपटावर चोवीस मुले होती. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोयाबीनच्या शेतात असताना मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेत गेलो तेव्हा त्यांनी संगणकावर शासनाच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवरचे आमच्या शाळेचे पान उघडून ठेवले होते आणि त्यावर पटसंख्या एकोणीस होती. पाच मुलांची आधार नोंद एक तर नव्हती किंवा शाळेच्या नोंदीशी जुळत नव्हती, म्हणून ती मुले धरली गेली नव्हती.

या पाचांच्या फरकाला काय अर्थ आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट समजले. शाळेला किती शिक्षक द्यायचे हे संच मान्यतेत ठरते, संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि हा पट वर्गातला नसून आधार जुळलेल्या मुलांचा असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. परंतु १५ मार्च २०२४ च्या राज्य शासनाच्या निर्णयानंतर वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दुसऱ्या नियमित पदाची शाश्वती राहिली नव्हती. आमच्याकडे दोन शिक्षक होते. एकोणीस आकडा कायम राहिला असता तर धाकटे सर अतिरिक्त ठरून समायोजनात दुसरीकडे गेले असते आणि चार वर्ग एका माणसाच्या गळ्यात पडले असते. ते वर्षही लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकांचे होते, म्हणजे तो एक माणूसही मतदार यादीच्या कामासाठी कित्येक दिवस शाळेबाहेर राहिला असता.

समितीची सभा आम्ही दुसऱ्याच दिवशी घेतली. कायद्याने समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि हा नियम दिल्लीने घातला नसता तर आमच्या गावात त्या बाया कधी सभेला बसल्या नसत्या, हे मी मान्य करतो. त्या दिवशी सगळ्यांत स्पष्ट बोलली ती त्या पाचांपैकी एका मुलीची आई. ती म्हणाली, "भाऊ, पोरगी त इथंच बसेल हाये न. तुम्हाले दिसते, मले दिसते, सरले दिसते. मंग कॉम्प्युटरलेच काऊन दिसत नाही?" या प्रश्नाचे उत्तर शोधत मी पुढचे सात आठवडे फिरलो.

आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी सांगितले की, पट दुरुस्त करण्याचा अधिकार त्यांना नाही, त्यांनी मुले मोजून दिली तरी ती मोजणी पोर्टल घेत नाही. तालुक्याच्या शिक्षण विभागातून सांगण्यात आले की, निकष मुंबईहून येतात आणि पोर्टल पुण्याहून चालते. आधारची दुरुस्ती केंद्र सरकारच्या प्राधिकरणाकडे, जन्माची नोंद ग्रामपंचायतीकडे, उशिराच्या नोंदीचा आदेश तहसीलमध्ये. कोणीही मला उद्धटपणे बोलले नाही, बहुतेकांनी चहा विचारला. पण माझ्यासमोर बसलेल्या एकाही अधिकाऱ्याला, "ही चोवीस मुले आहेत" असे लिहून देऊन ते मान्य करवून घेता येत नव्हते. पूर्वी अशा वेळी गावातले लोक पंचायत समितीच्या सदस्याला किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण सभापतीला गाठत असत. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, निवडणूक झालेली नव्हती आणि प्रशासक कारभार पाहत होते. ज्याला पुढच्या वेळी आपल्याकडे मत मागायला यावे लागेल, असा एकही माणूस त्या इमारतीत उरलेला नव्हता.

शाळा कोणाची, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायत राज्याला घटनात्मक स्थान मिळाले आणि अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय पंचायतींच्या यादीत आला. त्याच्या आधी, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले होते, म्हणजे त्यावर केंद्रालाही कायदा करता येऊ लागला. कागदावर पाहिले तर शाळा तिघांचीही आहे. एका वडिलांची जन्मतारीख हवी होती म्हणून आम्ही शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर कपाटातून काढले. त्याच्या पहिल्या पानांवर जनपद सभेचा, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेचा, शिक्का आहे, कारण १९४८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडात जनपद सभा आल्या तेव्हा शाळा त्यांच्याकडे होत्या. पुढच्या पानांवर जिल्हा परिषदेचा शिक्का आहे, कारण १ मे १९६२ पासून त्या जिल्हा परिषदांकडे गेल्या. राज्य बदलले, मालक बदलले, पण मुलाचे नाव लिहिणारा हात गावातल्या शाळेतलाच राहिला आणि त्या हाताने लिहिलेले नाव खरे मानले जाई. आता मात्र तेच नाव वरून खरे ठरवून घ्यावे लागते.

प्रत्यक्ष कामाकडे वळतो. पाचांपैकी दोन सख्खे भाऊ होते. त्यांच्या आधारवर आडनावाच्या जागी वडिलांचे नाव लागले होते. जन्मदाखले घरी होते, म्हणून तालुक्याच्या आधार केंद्रावर दोन फेऱ्यांत ते काम झाले. एका मुलीचे शाळेत आजीवरून ठेवलेले नाव होते आणि आधारवर घरचे लाडाचे. तेही जन्मदाखल्यावरून सुधारले.

चौथा मुलगा सात वर्षांचा. त्याचे आधार तान्हेपणी काढलेले होते. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे, डोळे आणि छायाचित्र नव्याने द्यावे लागते, हे त्याच्या घरी कोणाला माहीत नव्हते. त्याची आई कापूस वेचायला जाते. एका दिवसाची मजुरी बुडवून ती आमच्यासोबत आली. रांगेत आमचा नंबर दुपारी दीडच्या सुमारास लागला. मुलाने यंत्रावर चार बोटे ठेवली की लाल दिवा लागायचा. केंद्रावरच्या मुलाने ओल्या रुमालाने त्याची बोटे पुसली, मग कोरड्या रुमालाने पुसली, पुन्हा ठेवायला सांगितले. आईने त्याचे मनगट हलकेच दाबून धरले. पाचव्या वेळी हिरवा दिवा लागला आणि मुलाने आईकडे असे पाहिले, जणू तो एखाद्या परीक्षेत उतरला होता. त्या पोराने आयुष्यात दिलेली ती पहिली परीक्षा होती आणि ती त्याच्या अभ्यासाची नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

या धावपळीत एक गोष्ट हाती लागली, जी मी प्रत्येक कार्यालयात सांगितली. शाळेतल्या पोषण आहाराची रोजची नोंद मुख्याध्यापक मोबाईलवरून भरतात, आणि पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ धरला जातो. ज्या दिवशी सगळी मुले हजर असत, त्या दिवशी जेवणारी मुले चोवीस नोंदवली जात. म्हणजे शासनाच्याच एका नोंदीत चोवीस मुले जेवत होती आणि दुसऱ्या नोंदीत एकोणीसच शिकत होती. ज्यांना हे दाखवले, त्यांनी मान हलवली आणि दोन्ही पोर्टल वेगवेगळी आहेत असे सांगितले.

शिक्षणाचा सगळा कारभार गावाच्या हाती द्यावा, असे माझे म्हणणे नाही. गावाच्या हाती असताना शिक्षकांच्या बदल्या कोणाच्या वाड्यावर ठरत, हे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. गरीब जिल्ह्याने स्वतःच्या करावर शाळा चालवायची म्हटले तर आमच्या शाळेला खडूही मिळणार नाही. समग्र शिक्षा अभियानात केंद्र साठ आणि राज्य चाळीस टक्के वाटा उचलते, म्हणून बऱ्याच गोष्टी होतात. पैसा वरून यावा, मुलाचा हक्क वरून पक्का केलेला असावा, शिक्षकाची निवड गुणवत्तेवर आणि गावाच्या दबावाबाहेर व्हावी. पण मूल शाळेत आहे की नाही, याची साक्ष गावाची असावी. २०२४-२५ मध्ये गणवेशाचेही असेच झाले: आधी समितीला गणवेशासाठी पैसे मिळत आणि गावातला शिंपी माप घेऊन कपडे शिवत असे, त्या वर्षी राज्यभर एकच गणवेश वरून देण्याचे ठरले आणि आमच्या मुलांनी १५ ऑगस्टचे झेंडावंदन जुन्याच कपड्यांत केले. डिसेंबरमध्ये तो अधिकार पुन्हा समित्यांकडे आला. गणवेशाच्या बाबतीत जे मान्य झाले, ते पटाच्या बाबतीत का होऊ नये, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही ठराव केला की, शाळा व्यवस्थापन समितीने प्रत्यक्ष मोजलेला आणि ग्रामसभेत वाचून दाखवलेला पट संच मान्यतेसाठी ग्राह्य धरावा. ठराव तालुक्याला आणि जिल्ह्याला दिला, पोच घेतली. ही धोरणात्मक बाब असल्याचे तोंडी कळवण्यात आले. लेखी काही आले नाही. मात्र आधार जुळवण्याला आणखी काही दिवस मिळाले आणि ऑक्टोबर सरता सरता पोर्टलवरचा आकडा तेवीस झाला. धाकट्या सरांचे पद राहिले.

तेवीस, चोवीस नव्हे. पाचवी मुलगी नागपूरकडच्या एका वीटभट्टीवर जन्मली. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच करावी लागते, आणि एका वर्षाहून अधिक उशीर झाला की तिथल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्याआधी नोंद नसल्याचा दाखला लागतो. तिच्या आईवडिलांना भट्टी आठवते, जवळचे गाव आठवत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे चौदावे कलम सांगते, आणि म्हणूनच ती पहिल्या दिवसापासून वर्गात बसते. सभेत बोललेली बाई तिचीच आई. दिवाळीनंतर तिचे वडील आणि मी बसने त्या भागात गेलो, दोन ग्रामपंचायतींची जन्मनोंदवही पाहिली; दुसऱ्या ठिकाणच्या सचिवांनी नोंद नसल्याचा दाखला दिला. तो दाखला जोडून अर्ज तिकडच्या तहसीलमध्ये दाखल केला आहे. तिला आता जोडाक्षरे वाचता येतात.