सावाचा कॉर्नर

सुवर्णमहोत्सवी अंकात छड्या, डबे आणि मधली सुट्टी यांवर बाकीचे लिहितीलच. यंदा शाळेने मुलींचा फुटबॉल संघ उतरवलाय असं कळलं, म्हणून माझं पान त्या मुलींसाठी, जपानच्या होमारे सावावर.

सावाचा जन्म १९७८ चा, टोकियोतल्या फुचूचा. १५ व्या वर्षी देशाकडून पहिला सामना, त्यात ४ गोल. पुढे २०५ सामने, ८३ गोल, सहा विश्वचषक. आकडे राहू द्यात; २००८ कडे बघा. प्रशिक्षक नोरिओ सासाकींनी या गोल करणाऱ्या खेळाडूला मागे, बचावफळीच्या पुढ्यात आणलं. आपल्याकडे असं केलं तर पालक भांडायला येतात! पण मागून अख्खा खेळ दिसतो. चेंडू कुठे सुटणार हे आधी कळतं. तो काढून घ्यायचा, पुढे द्यायचा आणि मग सावकाश, सगळ्यांच्या मागून घुसायचं. उशिरा येणारीला धरायला कुणी उरलेलं नसतं. २०११ च्या विश्वचषकात तिचे ५ गोल याच जागेवर खेळताना झाले. सर्वाधिक गोलही तिचेच, सर्वोत्तम खेळाडूही तीच.

त्यातला शेवटचा नीट बघा. फ्रँकफर्ट, १७ जुलै, अंतिम सामना. अमेरिका २-१ पुढे, जादा वेळेतलं ११७ वं मिनिट, डावीकडून सावाची सहकारी मियामाचा कॉर्नर. उंचीत अमेरिकेपुढे निभाव लागणं कठीण, म्हणून चेंडू जवळच्या खांबाकडे. सावा धावत आली आणि हवेतच उजव्या पायाची बाहेरची कड लावली. का? तोंड कॉर्नरच्या झेंड्याकडे, गोल उजव्या हाताला. पायाची आतली बाजू लावली असती तर चेंडू गोलपासून लांब गेला असता. कड नुसती टेकवायची, जोर चेंडूत असतोच. लाथ हाणली की तो दांड्यावरून जातो. मुलींचं चुकतं ते त्याआधी. धाव लवकर सुटते, आणि चेंडू पाठीमागून निघून जातो. किक मारणारीचा पाय चेंडूला लागेपर्यंत थांबा, मग सुटा.

त्या गोलने २-२ बरोबरी झाली, आणि पेनल्टींवर जपान ३-१ ने जिंकलं. सावावर किक मारायची वेळच आली नाही.

२७ डिसेंबर २०१५ ला ती शेवटचा सामना खेळली, जपानमधल्या महिला संघांच्या एम्प्रेस चषकाचा अंतिम सामना. तिचा आयनॅक कोबे संघ १-० ने जिंकला. ७८ व्या मिनिटाला सावाचा हेडर, कॉर्नरवरूनच.