कोणती लाईट?

दिवाळीच्या साफसफाईत शोकेस भिंतीला नीट चिकटवलं आणि दुसऱ्या दिवसापासून नेट रडतखडत चालायला लागलं. संध्याकाळी बंदच. नेटच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. तक्रार केल्यावर एक मुलगा आला. त्यानं वायर काढून हातातल्या मीटरला लावली नि म्हणाला, "काकू, लाईट कमी येतेय."

"अरे, पंखा तर जोरात फिरतोय!" आई म्हणाली.

त्याची लाईट वेगळी होती. या वायरीत तांब्याची तार नसते, काचेचा धागा असतो. प्रकाश धावतो तो त्याच्या गाभ्यातून, आणि हा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्याही आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढा. तो प्रकाशही इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा. दिसतो तो लाल दिवा, आणि तो लागतो प्रकाश येत नसला की! मीटरवर प्रकाश किती येतोय त्याचा आकडा होता उणे २९; जितका खाली, तितका प्रकाश कमी. आईला वाटलं, काश्मीरचं तापमान.

शोकेसमागे वायर काटकोनात मुडपली होती. काच तुटली नव्हती, पण इतक्या तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. सैल गोल वळसा दिल्यावर आकडा उणे २० वर आला, लाल दिवा विझला. गुन्हेगार मीच निघालो, म्हणून चहा केला.

चहावर जुनी शंका काढली. १०० एमबीपीएस घेतलंय, मग फाइल १२ एमबीच्या वेगानं का उतरते?

"सर, एमबीपीएसमधला तो बिट, फाइलच्या एमबीतला हा बाईट. आठ बिटांचा एक बाईट." १०० भागिले ८, साडेबारा. वजन ग्रॅममध्ये सांगितलं की आकडा भारदस्त दिसतो, तसंच हे. तक्रार तरी कशी करणार? २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसलाही, म्हणजे जेमतेम पाव एमबीपीएसलाही, ब्रॉडबँड म्हटलं होतं. २ एमबीपीएसची अट आली २०२३ मध्ये.

जाताना त्यानं जिन्यातली डबी दाखवली. तिच्यात एका धाग्यातला प्रकाश बत्तीस घरांत वाटला जातो. त्या वाटणीला वीज लागत नाही, आपल्या घरातल्या डब्याला मात्र लागते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळी सोसायटी अंधारात बुडाली.

"लाईट गेली," मी म्हणालो.

"कोणती?" आईनं काडेपेटी शोधत विचारलं.

"एक गेलीय. दुसरी डब्यापर्यंत येऊन थांबलीय."