डावीकडची सीट

बुधवार, 8 जानेवारी 2025. रात्रीचे पावणेबारा.

झोप येत नाही. ही म्हणाली, मोबाईल ठेवा म्हणजे येईल. अर्धा तास ठेवला. नाही आली. परत उचलला.

स्पेनच्या कार्लोस साइन्झला सोमवारी डकारमधून, म्हणजे सौदीच्या वाळवंटातल्या त्या मोटारींच्या रॅलीतून, घरी पाठवलं. हरला म्हणून नाही, गाडी बंद पडली म्हणून नाही, वाळूत रुतून बसला म्हणूनही नाही. गाडी चालत होती. तरी उतरवलं.

माझं हे जानेवारीचं वेड ज्यांना माहीत आहे त्यांना नव्यानं काय सांगायचं. पंधरा दिवस मी घरात असून नसल्यासारखा असतो. यंदा सौदीतल्या बिशाहून सुटले आणि रविवार-सोमवार ती 48 तासांची स्टेज, म्हणजे शर्यतीचा टप्पा, होती, हजार किलोमीटरच्या आसपासची. संध्याकाळी ठरल्या वेळेला जो तळ पुढं येईल तिथं थांबायचं, तंबूत झोपायचं. मेकॅनिक नाही, टीमशी बोलणं नाही. काय मोडलं असेल ते आपलं आपण बघायचं आणि पहाटे पुढं निघायचं. त्यात वाळूच्या टेकड्यांत साइन्झची फोर्ड रॅप्टर उलटली. त्यानं आणि शेजारी बसणाऱ्या लुकास क्रूझनं तशाच गाडीतून स्टेज पुरी केली. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं, त्यामुळं इकडं जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी माझं टायमिंग बघणं चालूच. आली एकदाची गाडी. म्हटलं सुटलो. आणि मग तपासणी करणाऱ्यांनी सांगितलं, पिंजरा गेलाय, पुढं जाता येणार नाही.

पिंजरा म्हणजे आत बसणाऱ्या दोघांभोवतीचा पोलादी नळ्यांचा सांगाडा. गाडी उलटली की तो मार खातो, म्हणून माणसं वाचतात. पण एकदा वाकलेली नळी पुढच्या कोलांटीला धरेल याचा भरवसा नाही. गिअरबॉक्स एका रात्रीत बदलून मिळतो, सस्पेन्शन मिळतं. पिंजरा बदलायचा म्हणजे गाडीच नव्यानं बांधायची. तेव्हा नियम बरोबर आहे. नियमाबद्दल मला काही म्हणायचं नाही.

काल लोबचंही तेच. रॅलीतला नऊ वेळचा जगज्जेता, पण डकार आजवर एकदाही नशिबात नाही. कालच्या स्टेजला सुरुवातीलाच त्याची डाशिया उलटली, तशीच शेवटपर्यंत आणली, आणि संध्याकाळी त्यालाही तेच उत्तर. लोबचं मला एवढं लागलं नाही. तो अजून पन्नाशीतला आहे, येईल परत.

साइन्झ आणि मी एकाच सालचे, 1962. त्याचा एप्रिल, माझा 1 जून, म्हणजे शाळेत घालताना गुरुजींनी लिहिला तो. याच्यापलीकडं आमच्यात काही सारखं नाही हे मला कळतं. तो 1990 आणि 1992 ला जगज्जेता झाला तेव्हा मी ऑफिसच्या जीपमधून जावळीतल्या रस्त्यांची मापं घेत फिरत होतो. पण माणूस कुणाशी तरी वय जोडून घेतो. गेल्या वर्षी 61 व्या वर्षी तो एकही स्टेज न जिंकता आख्खी डकार जिंकला, तेव्हा मी साताऱ्यात पोवई नाक्यावर पेढे घेऊन ऑफिसातल्या जुन्या मंडळींना वाटले होते. कशाचे पेढे म्हणून विचारलं तर सांगायची लाज वाटली. अभिला इन्क्रिमेंट मिळालं म्हणालो.

आता रविवारचं. खरं तर तेच लिहायला बसलोय आणि तिकडं सौदीत फिरतोय.

अभि, मधुरा, चिनू आले होते. चाळकेवाडीला पवनचक्क्या बघायला जायचं ठरलं. डबा भरला, बोलेरो काढायला मी किल्ली घेऊन जिना उतरलो. तर अभि आधीच गाडीपाशी. म्हणाला, "बाबा, आज मी चालवतो. तुम्ही आरामात बसा." काही जोरात नाही, काही टोचून नाही. हात पुढं केला आणि मी किल्ली दिली. बस, एवढंच झालं.

डिसेंबरातल्या त्या फाटकाच्या प्रकाराबद्दल मी इथं लिहिणार नाही. मडगार्डला एक चीर पडलीय, तिला लोकांनी किती मोठं करावं. डोळ्यांच्या डॉक्टरांचंही आता नको.

माझ्याच गाडीत मी पहिल्यांदा डावीकडं बसलो. बोगदा ओलांडेपर्यंत ठीक होतं. सज्जनगडाचा फाटा गेला, घाट लागला आणि माझा उजवा पाय सुरू झाला. प्रत्येक वळणाला तो खालचं रबरी मॅटिंग दाबतोय. तिथं ब्रेक नाही हे मला माहीत, पायाला कोण सांगणार? बोरणं येईपर्यंत मॅटिंगला चुणी पडून ते पुढं गोळा झालं होतं. मागून चिनू, "आजोबा, तुम्ही पाय का आपटताय?" मधुरा तिला गप्प म्हणाली. त्या गप्पचंच जास्त लागलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यानं चांगली चालवली. कुठं तरी गिअर चुकेल, चढाला गाडी दम टाकेल म्हणून मी वाट बघत होतो. नाही.

घरी आल्यावर त्यानं किल्ली परत दिली. माझ्यासमोर ठेवली टीपॉयवर. म्हणजे काढून घेतली असंही म्हणता येत नाही. कुणी काढून घेतली असती तर भांडता आलं असतं. साइन्झनं तरी कुणाशी भांडायचं? नळी वाकलीय, ती समोर दिसतेय. माझी कुठली नळी वाकलीय ते मला कुणी दाखवलेलं नाही. पंधरा वर्षं झाली म्हणून ऑक्टोबरात गाडी पासिंग करून आणली, ती पास झाली. माझं पासिंग कुणी केलं? डावीकडं बसवून मोकळे.

सोमवारी सकाळी दूध आणायला गाडी काढायला गेलो. (दुधाला बोलेरो कशाला, असं ही विचारते. मी उत्तर देत नाही.) सीट मागं सरकवलेली, पाय क्लचला पुरेना. आतला आरसा अभिच्या उंचीला वळवलेला, त्यात मला फक्त गाडीचं छत दिसत होतं. आरसा नीट करायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. चालत जाऊन दूध आणलं.

साइन्झच्या गाडीवर अन्याय झालाय असं मला वाटत नाही. फक्त चालणारी गाडी चालताना थांबवली की कसं वाटत असेल, एवढंच डोक्यात फिरतंय. 1998 ला वर्षातल्या शेवटच्या रॅलीच्या शेवटच्या स्टेजला रेषा काहीशे मीटरवर असताना याचं इंजिन गेलं आणि हातातली चॅम्पियनशिप गेली. शेजारी बसणाऱ्या मोयानं हेल्मेट फेकून गाडीची मागची काच फोडली. ते बरं. फोडायला काहीतरी होतं.

ते हेल्मेट आठवलं आणि एक जाणवलं. मी पस्तीस वर्षं रॅली बघतोय, पण शेजारी कोण बसतो ते कधी नीट बघितलंच नाही. साइन्झनं जिंकलेल्या चारही डकार, 2010, 2018, 2020, 2024, चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, शेजारी मात्र हाच क्रूझ. तिकडं आपल्यासारखा मोबाईलवरचा नकाशा चालत नाही. रोडबुक असतं. इतके किलोमीटर, असा बाण, आणि धोका असेल तिथं उद्गारचिन्हं. एक म्हणजे जपून, तीन म्हणजे आता देवाचं नाव घ्या. ते वाचून शेजारच्यानं ओरडायचं आणि त्याच्या स्वतःच्या हातात स्टिअरिंग नाही. ब्रेक नाही. त्याचाही पाय मॅटिंगवरच असणार.

आणि मला हसूच आलं. लग्नाला छत्तीस वर्षं होतील. यवतेश्वरच्या घाटात "म्हैस, म्हैस," बामणोलीच्या रस्त्याला "अहो, खड्डा," महामार्गावर "ट्रकवाला डिपर देतोय, दिसतंय का?" आणि दर वेळी माझं उत्तर, "दिसतंय मला." छत्तीस वर्षं एक बाई डावीकडं बसून मॅटिंग दाबतेय आणि मी तिला म्हणतोय, तू गप्प बस गं, मी चालवतोय ना.

ती आता घोरतेय. उठवून सांगायचं नाही. सांगितलं तर हेच वर्षभर ऐकावं लागेल.

शनिवार, 18 जानेवारी

डकार काल संपली. यझीद अल राजही जिंकला, आपल्याच देशात, सौदीचा पहिलाच. एवढ्या हजारो किलोमीटरनंतर दुसऱ्या आलेल्या लाटेगानमध्ये आणि त्याच्यात फरक 3 मिनिटं 57 सेकंदांचा. साइन्झच्या टीमचा एकस्ट्रॉम तिसरा. साइन्झ नसताना मी त्याच्या टीमची बाकीची गाडी का बघत राहिलो कुणास ठाऊक. सवय.

पेढे आणले नाहीत.

अभि सकाळी आला, एकटाच. तिळगूळ द्यायचा राहिला होता, शिवाय त्याच्या आईला कासला जायचं होतं. मी बूट घातले, खाली उतरलो आणि तो यायच्या आधी आपणहून डावीकडचं दार उघडून बसलो. त्यानं ड्रायव्हरच्या दाराला हात घातला, माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही. ही मागं बसली.

आरसा अजून त्याच्याच उंचीला होता. त्याला हात लावायची गरज पडली नाही.

घाट चढताना पाय बराच ताब्यात होता. वर सपाटीला लागल्यावर म्हणालो, "पेट्रीच्या पुढं स्पीडब्रेकर आहे, पट्टे पुसलेत. त्याच्यानंतर लगेच डावीकडं खड्डा. तीन उद्गारचिन्हं."

"काय तीन?"

"काही नाही. खड्डा आहे."

"दिसतंय मला, बाबा."

गाडी आदळली. डबा मागच्या सीटवरून खाली पडला. मी समोर बघत राहिलो.

मागून ही म्हणाली, "सांगत होते ना ते."